चॅसिसला वायर दिसत नाही: सर्व्हर चॅसिसची पॉवर लिमिट आणि रिडंडन्सी नीट लावण्याची पद्धत

मे महिन्यातली संध्याकाळ. इंदूरला पलासियाजवळच्या एका ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या सर्व्हर रूममध्ये ए बाजूच्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायचं काम निघालं होतं. चॅसिसमध्ये, म्हणजे अनेक सर्व्हर एकत्र बसवायच्या मोठ्या पेटीत, सहा पॉवर सप्लाय होते, तीन ए बाजूला आणि तीन बी बाजूला. या दोन बाजू म्हणजे वीज येण्याच्या दोन वेगळ्या वाटा. बॅटरीवाल्याने विचारलं, "बंद कर दूँ?" माझ्याबरोबरच्या मुलाने लॅपटॉपवर पाहिलं. "दादा, हिरवंच आहे. रिडंडंट दाखवतंय." म्हणजे एक बाजू गेली तरी दुसरी पेलेल. मी हो म्हटलं. ए बाजू गेली, पंखे जोरात फिरायला लागले, अलार्मचे दोन मेल आले आणि सगळं चालू राहिलं. आम्ही चहा सांगितला. वीस-बावीस मिनिटांनी भिंतीवरच्या डीबीतून, म्हणजे जादा लोडला आपोआप पडणाऱ्या स्विचांच्या (एमसीबींच्या) पेटीतून, ‘खट्’ असा आवाज आला. पंखे थांबले आणि खालच्या रस्त्यावरचे हॉर्न स्पष्ट ऐकू यायला लागले.

त्या रात्री डेटाबेस परत उभा करायला साडेतीन वाजले. घरी जाऊन झोप लागेना, म्हणून वहीत आकडे मांडले, आणि जी गोष्ट आधी मांडायला हवी होती ती तेव्हा दिसली. स्क्रीनने आम्हाला खोटं सांगितलेलं नव्हतं. चॅसिसला तिच्या पॉवर सप्लायमध्ये किती दम आहे हे नक्की माहीत असतं. त्या सप्लायच्या वायरी मागे कुठल्या एमसीबीवर, कुठल्या यूपीएसवर, कुठल्या फेजवर जातात हे तिला माहीत नसतं. ‘रिडंडंट’ हा शब्द चॅसिसच्या आतल्या भागापुरता खरा असतो. बाहेरचा भाग आपण खरा करायचा असतो.

ते काम कसं करायचं ते इथे क्रमाने लिहितो. चॅसिस डेलची असो, एचपीईची असो की सिस्कोची, मेनूतली नावं बदलतात, हिशेब तोच राहतो.

आधी तीन आकडे वेगळे करा

एकाच चॅसिसबद्दल बोलताना लोक तीन वेगवेगळे वॅट सांगतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पहिला आकडा पॉवर सप्लायच्या लेबलवरचा, समजा २४०० वॅट. हे तो सप्लाय आतल्या मशीनला जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते आहे. भिंतीतून तो याहून जास्त ओढतो, कारण काही ऊर्जा उष्णतेत जाते. ८० प्लस प्लॅटिनम दर्जाचा सप्लाय २३० व्होल्टवर अर्ध्या लोडला ९४ टक्के आणि पूर्ण लोडला ९१ टक्के कार्यक्षम असावा लागतो. म्हणजे पूर्ण २४०० वॅट देताना तो भिंतीतून साधारण २६४० वॅट घेतो. २३० व्होल्टला ते साडेअकरा अँपियर झाले.

दुसरा आकडा चॅसिसने राखून ठेवलेला, म्हणजे वाटप केलेला. ब्लेड, म्हणजे चॅसिसमध्ये सरकवायचा एकेक पातळ सर्व्हर, चालू करायला गेलात की ते चॅसिसच्या कंट्रोलरकडे आपल्या गरजेइतके वॅट मागतं. कंट्रोलर शिल्लक बघतो, असली तर तेवढे बाजूला काढून ठेवतो, नसली तर ब्लेड चालूच होऊ देत नाही. असं न उठणारं ब्लेड ‘खराब निघालं’ म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलंय. ब्लेड चांगलं होतं, शिल्लक संपलेली होती. ब्लेड उठत नसेल तर सगळ्यात आधी पॉवर बजेटचं पान उघडा.

तिसरा आकडा प्रत्यक्ष खपाचा, आत्ता या क्षणी भिंतीतून किती जातंय तो. हा बहुतेक वेळा वाटपाच्या आकड्यापेक्षा बराच कमी असतो, म्हणून लोक निर्धास्त राहतात. वायर आणि एमसीबीला त्रास होतो तो मात्र या तिसऱ्या आकड्याच्या शिखराने. सरासरीचा तिथे काही उपयोग नाही.

रिडंडन्सीचे पर्याय आणि त्यांचा अर्थ

पर्याय मुळात तीनच. सहा सप्लाय, प्रत्येकी २४०० वॅट, असं धरून चालू.

रिडंडन्सी नाही: सहाही सप्लायची ताकद वापरायला मोकळी, १४,४०० वॅट. एक जरी गेला आणि लोड जास्त असला तर काहीतरी बंद पडणार किंवा मंदावणार.

एन प्लस वन: एक सप्लाय राखीव, म्हणून १२,००० वॅट वापरता येतात. एखादा सप्लाय जळला तर हे वाचवतं. एक अख्खी बाजू गेली तर तीन सप्लाय एकदम जातात, आणि तिथे याचा काही भरवसा नाही.

एन प्लस एन, म्हणजेच ग्रिड रिडंडन्सी: अर्धे सप्लाय राखीव, ७,२०० वॅट वापरता येतात. एक अख्खी बाजू गेली तरी उरलेल्या तिघांनी सगळं पेलायचं. डेलच्या मेनूत आणि सिस्कोच्या यूसीएसमध्ये याला ‘ग्रिड’ म्हणतात, एचपीईच्या सी७००० मध्ये ‘एसी रिडंडंट’ असं नाव दिसतं.

आता महत्त्वाचं. ग्रिड निवडलंत की चॅसिस एक गोष्ट गृहीत धरते. डेलची एम१०००ई आणि एचपीईची सी७०००, दोन्हीत सप्लाय १, २, ३ एका बाजूचे आणि ४, ५, ६ दुसऱ्या बाजूचे मानले जातात. सिस्कोच्या यूसीएस ५१०८ मध्ये चार सप्लाय असतात, १ आणि २ एकीकडे, ३ आणि ४ दुसरीकडे. कोणी हौसेने एक-आड-एक वायरी लावल्या, विषम ए ला आणि सम बी ला, तर दिसायला रॅक फार सुबक दिसतो, पण चॅसिसचं गृहीतक आणि खरी वायरिंग यांचा मेळ उरत नाही. म्हणून आपल्या मॉडेलच्या माहितीपुस्तकातलं सप्लायचं चित्र बघूनच वायर लावायची.

आणखी एक, वेगवेगळ्या वॅटचे सप्लाय एका चॅसिसमध्ये मिसळू नका. इंदूरच्या जेल रोडला किंवा सिल्व्हर मॉलमध्ये जुना सप्लाय स्वस्तात मिळतो, तो बसतोही, पण पार्ट नंबर जुळत नसेल तर घेऊ नका.

वायर हातात धरून मागे जा

हे काम बसल्या जागी होत नाही. एक तास काढा, इलेक्ट्रिशियनला बरोबर घ्या आणि सप्लाय क्रमांक एकपासून सुरुवात करा. मागची वायर कुठल्या पीडीयूत (रॅकमधल्या सॉकेटच्या पट्टीत) जाते? तो पीडीयू कुठल्या सॉकेटवर? ते सॉकेट डीबीतल्या कुठल्या एमसीबीवर? ती एमसीबी कुठल्या यूपीएसवर? यूपीएसला येणारी लाइन कुठल्या फेजवर? तिथून मीटरपर्यंत. प्रत्येक सप्लायसाठी कागदावर एक ओळ. सहा ओळी लिहून झाल्या की कुठल्या दोन ओळी कुठे एकत्र येतात ते आपोआप दिसतं.

माझ्या पाहण्यात आलेली ठिकाणं: दोन यूपीएस, पण दोघांना एकाच एमसीबीतून इनपुट. दोन पीडीयू, एक काळा एक निळा, दोघांचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डात. ए आणि बी वेगवेगळ्या डीबीवर, पण जनरेटरच्या चेंजओव्हरनंतर दोन्ही एकाच वायरवर. या शेवटच्या प्रकाराला पूर्ण टाळणं लहान ऑफिसला जमत नाही, तरी तो कागदावर लिहिलेला असावा.

फेजचा विचार वेगळा करावा लागतो, कारण आपल्याकडे पूर्ण लाइट जाण्याइतकंच एखादा फेज जाणंही नेहमीचं आहे. ए आणि बी दोन्ही एकाच फेजवर असतील तर त्या फेजबरोबर सगळं गेलं. ए बाजू आर फेजवर आणि बी बाजू वाय फेजवर असेल तर एका वेळी एकच बाजू जाते. तीन फेजची लाइन असेल आणि प्रत्येक बाजूचे तीन सप्लाय आर, वाय, बी या तीन फेजवर वाटले असतील, तर एक फेज गेल्यावर दोन्हीकडचा एकेक सप्लाय जातो आणि चार उरतात. ग्रिडच्या हिशेबाने तीन पुरेसे आहेत, म्हणून हेही चालतं. यातलं आपल्याकडे काय आहे ते माहीत हवं, बस.

प्लगकडे नीट बघा. मोठ्या चॅसिसच्या सप्लायला मागे सी२० प्रकारचं तोंड असतं, १६ अँपियरचं. कॉम्प्युटरची नेहमीची वायर सी१३, ती १० अँपियरची. सी२० मध्ये बसणारी सी१९ टोकाची वायर आणली, पण दुसऱ्या टोकाचा प्लग १६ अँपियरच्या ढिल्या भिंतीच्या सॉकेटात खोचला, तर सॉकेटच तापून पिवळं पडतं. अशा लोडला निळ्या रंगाचं औद्योगिक सॉकेट लावून घ्यावं. थोडे पैसे लागतात, पण एकदाच.

सगळ्यात वाईट क्षणाचा हिशेब

आता त्या संध्याकाळकडे परत येतो, कारण सगळा धडा त्या आकड्यांत आहे.

चॅसिसचा खप ६,४०० वॅट. त्याच वायरींवर स्टोरेज आणि दोन स्विच मिळून आणखी १,००० वॅट. एकूण ७,४००. दोन्ही बाजू चालू असताना अर्धे-अर्धे, म्हणजे प्रत्येकी ३,७००. ए बाजू ऑनलाइन यूपीएसवर होती. बी बाजू थेट लाइनवर, ३२ अँपियरच्या एमसीबीतून. बी बाजूला मे महिन्याच्या संध्याकाळी व्होल्टेज १९५ च्या आसपास असायचं. ३,७०० भागिले १९५, म्हणजे १९ अँपियर. ३२ च्या एमसीबीवर १९, कोणालाही ठीकच वाटणार.

ए गेली. बीवर ७,४०० वॅट आले. ७,४०० भागिले १९५, म्हणजे जवळजवळ ३८ अँपियर.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, ती मला तेव्हा पाठ होती पण लागू करायचं सुचलं नव्हतं. साधा बल्ब व्होल्टेज कमी झालं की मंद होतो आणि करंटही कमी घेतो. सर्व्हरचा पॉवर सप्लाय उलटा वागतो. आतल्या मशीनला तेवढेच वॅट हवे असतात, म्हणून व्होल्टेज पडलं की तो जास्त अँपियर ओढतो. हेच ७,४०० वॅट २३० व्होल्टला ३२ अँपियरच्या किंचित वर आहेत, १९५ ला ३८. लाइन जितकी खचते तितका हा तिच्यावर जास्त भार टाकतो.

मग एमसीबी लगेच का पडली नाही? कारण थोड्या जादा लोडला एमसीबी आतल्या धातूच्या पट्टीच्या उष्णतेने पडते. ती पट्टी तापून वाकायला वेळ लागतो. शॉर्टसर्किटला ती क्षणात पडते, वीस टक्के जादा लोडला कितीतरी मिनिटं घेते. शिवाय एमसीबीवर छापलेला आकडा साधारण ३० अंश सेल्सियस तापमानाला धरलेला असतो. इंदूरच्या मे महिन्यात बंद डीबीच्या आत तापमान त्याहून खूप वर जातं, आणि तीच एमसीबी कमी अँपियरला पडते. म्हणून आमची वीस मिनिटं टिकली आणि मग गेली. चॅसिसचे तीन सप्लाय ७,२०० वॅट द्यायला समर्थ होते. चॅसिसला लागत होते तेवढे त्यांनी दिलेही. वायर कमी पडली.

तर हिशेब असा करा. एका बाजूच्या एमसीबीचे अँपियर घ्या आणि त्याचे ८० टक्के धरा. सतत चालणाऱ्या लोडसाठी हा ठोकताळा अमेरिकी वायरिंग नियमांतून आला आहे आणि आपल्या उन्हाळ्यात तो पाळण्यातच शहाणपण आहे. त्याला त्या बाजूच्या सगळ्यात कमी व्होल्टेजने गुणा. त्यातून त्या वायरीवरची इतर उपकरणं वजा करा, त्यांचा पूर्ण लोड धरून, अर्धा नाही. जे उरेल ते चॅसिसच्या वाट्याचं.

आमच्या बी बाजूचं उत्तर काढलं: ३२ चे ८० टक्के २५.६, गुणिले बी बाजूचं सगळ्यात कमी व्होल्टेज १९०, म्हणजे ४,८६४ वॅट. वजा १,०००. उरले ३,८६४. चॅसिस खात होती ६,४००. हे गणित दोन मिनिटांचं आहे आणि ते आम्ही दोन वर्षं केलं नव्हतं.

बाजू यूपीएसवर असेल तर व्होल्टेज स्थिर मिळतं, पण तिथे केव्हीए आणि किलोवॅटचा फरक बघावा लागतो. १० केव्हीएचा यूपीएस पॉवर फॅक्टर ०.८ चा असेल तर ८ किलोवॅटच देतो, ०.९ चा असेल तर ९, आणि १ चा असेल तर पूर्ण १०. विकणारा केव्हीए सांगतो. तुम्ही मागच्या पट्टीवरचे किलोवॅट वाचा.

आम्ही नंतर बी बाजूलाही १० किलोवॅटचा ऑनलाइन यूपीएस घेतला, आणि प्रत्येक सप्लायला वेगळी १६ अँपियरची एमसीबी दिली. साडेअकरा अँपियरच्या सप्लायला १६ ची एमसीबी म्हणजे ८० टक्क्यांच्या आत.

पॉवर कॅप किती ठेवायची

कॅप म्हणजे चॅसिसला सांगणं, ‘भिंतीतून याच्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही’. कॅपजवळ पोचलं की कंट्रोलर ब्लेडच्या प्रोसेसरचा वेग खाली आणतो. मशीन बंद पडत नाही, हळू होतं.

आधी मोजा. निदान एक पूर्ण महिना, आणि त्यात महिनाअखेर, बॅकअपच्या रात्री आणि हिशेबाचे दिवस यायला हवेत. चॅसिसच्या मेनूत शिखर खपाचा आकडा साठवलेला असतो. मोजणी सुरू करताना तो शून्यावर आणा, नाहीतर कधीतरी दोन वर्षांपूर्वीचं शिखर बघत बसाल.

मग कॅप दोन आकड्यांच्या मध्ये बसवा. खालचा आकडा तुमचं खरं शिखर, वरचा आकडा एका बाजूची सुरक्षित मर्यादा. आमचं शिखर ६,४००. वरची मर्यादा: १० किलोवॅटच्या यूपीएसचे ८० टक्के ८,०००, वजा इतर उपकरणांचे १,०००, म्हणजे ७,०००. कॅप ठेवली ६,८००. रोजच्या कामात ती कधी लागत नाही, आणि एखाद्या दिवशी सगळी ब्लेडं एकदम पेटली तरी वायर वाचते. वरचा आकडा खालच्यापेक्षा लहान निघाला, तर कॅपने तो प्रश्न सुटत नाही. वायरिंग वाढवा किंवा ब्लेडं कमी करा.

कॅप फार खाली ठेवण्याचा त्रास वेगळा आहे, कारण तो दिसत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी अकाउंट्सच्या ताई दर महिन्याच्या १० आणि ११ तारखेला तक्रार करायच्या की सॉफ्टवेअर रेंगाळतं. ११ ही जीएसटीआर-१, म्हणजे जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख, त्या दिवशी सगळेच एकदम कामाला. नेटवर्क पाहिलं, डिस्क पाहिली, डेटाबेसवाल्याला बोलावलं. कुठे एररची एक ओळ नाही. शेवटी चॅसिसच्या लॉगमध्ये सापडलं: आधीच्या माणसाने, बहुधा वीजबिल कमी करायला, कॅप खूप खाली लावून ठेवली होती. बाकीचा महिना लोड तिच्याखाली राहायचा, १० तारखेला टेकायचा आणि प्रोसेसर मंदावायचे. ताई तीन महिने बरोबर सांगत होत्या. कारण नसताना मशीन ठराविक दिवशीच हळू होत असेल तर कॅप बघाच.

कॅप लावताना पंखे विसरू नका. कॅप फक्त ब्लेडना आवरते, पंखे आणि मागचे नेटवर्क मॉड्यूल यांना आवरत नाही. पंख्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा खप आठपट होतो. एसी बंद पडला, खोली तापली, पंखे वाढले, की त्याच कॅपमधला मोठा वाटा पंखे घेतात आणि ब्लेडना कमी उरतं. म्हणून जानेवारीत मोजून ठरवलेली कॅप मे महिन्यात पुन्हा तपासायची. एसीचा हिशेबही इथेच करून टाका: एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता. सात किलोवॅटच्या खोलीला चालू असलेले दोन टन तरी हवेतच. त्यातला एक एसी गेला तर काय, हा प्रश्नही त्याच कागदावर लिहा.

कॅप लागली की कोणी आधी मंदावायचं हे प्राधान्याने ठरतं. डेलच्या एम१०००ई मध्ये १ ते ९ आणि सिस्कोच्या यूसीएसमध्ये १ ते १०, आणि दोन्हीकडे १ म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं. मोठा आकडा म्हणजे मोठा मान असं समजून डेटाबेसला ९ देणारे भेटतात. डेटाबेसला १ द्या, चाचणीच्या मशीनला शेवटचा. सिस्कोत ‘नो कॅप’ असाही पर्याय आहे, तो दिला की त्या ब्लेडला कॅप लागतच नाही. तो एखाद्याच ब्लेडला द्यावा. सगळ्यांना दिलात तर कॅपला धरायला काही उरत नाही.

बाकीच्या सेटिंग

लोड कमी असताना काही सप्लायना झोपवून ठेवायची सोय बहुतेक चॅसिसमध्ये असते. कारण रास्त आहे: फार कमी लोडला सप्लायची कार्यक्षमता घसरते. पण आपल्याकडे पावसाळ्याच्या पहिल्या वादळात लाइट दहा वेळा लुकलुकते, तेव्हा झोपलेला सप्लाय उठवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. सहाही जागे ठेवतो. बचत थोडी, जोखीम नाहक.

लाइट परत आल्यावर काय करायचं ती सेटिंग मात्र नक्की बघा. सगळी ब्लेडं एकदम उठली तर सुरुवातीचा करंट मोठा असतो, आणि एमसीबी बी प्रकारची असेल तर ती तिच्या आकड्याच्या तीन ते पाचपटीतच पडते. सी प्रकारची पाच ते दहापटीत पडते, म्हणून तो झटका जास्त सोसते. सर्व्हरच्या सर्किटवर सी प्रकार असावा, आणि ब्लेडना उठायला वेगवेगळा उशीर द्यावा. आधी स्टोरेज, दोन-तीन मिनिटांनी डेटाबेस, मग बाकीचे.

अलार्मचे मेल मोबाइलवर येतात का ते तपासा. ‘रिडंडन्सी गेली’ हा मेल सर्वात महत्त्वाचा. तेव्हा सगळं चालू असतं, म्हणून कोणी लक्ष देत नाही.

दुसरा यूपीएस परवडत नसेल तर

एकच यूपीएस असलेलं ऑफिस मला जास्त वेळा भेटतं. तिथे दोन्ही बाजू त्याच यूपीएसला लावून मेनूत ‘ग्रिड’ निवडलेलं असतं. यात मनाचं समाधान आहे, संरक्षण नाही. माझं मत असं की ए यूपीएसवर आणि बी सर्ज प्रोटेक्शन लावून थेट लाइनवर ठेवावी. लाइट गेली तर ए चालवेल, यूपीएस बिघडला तर बी चालवेल. मात्र बी बाजूचा हिशेब सगळ्यात कमी व्होल्टेजवर करायचा, वर केला तसा. तो जमत नसेल तर दोन्ही बाजू यूपीएसवर ठेवा आणि मेनूत एन प्लस वन निवडा. निदान स्क्रीनवर जे लिहिलंय ते खरं असेल, आणि पुढचा माणूस फसणार नाही.

चाचणी

रविवारी सकाळी सातला सुरू करा. सुटी म्हणून रंगपंचमीचा दिवस निवडू नका. गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघते, राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, दुकानं बंद असतात, आणि एक एमसीबी लागली तर मिळणार नाही. बॅकअप आदल्या रात्री घ्या आणि तो परत उघडून बघा.

सुरुवातीला दोन्ही बाजूंचे व्होल्ट, अँपियर, यूपीएसवरची टक्केवारी आणि चॅसिसवरचे वॅट लिहून घ्या. अँपियर क्लॅम्प मीटरने मोजताना तो फक्त फेजच्या एका वायरीभोवती लावायचा. पूर्ण केबलभोवती लावला तर फेज आणि न्यूट्रल एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. डीबी उघडून हे करायचं काम इलेक्ट्रिशियनचं आहे, आपलं नाही.

मग ब्लेडांवर खरा लोड टाका. रविवारी सकाळी रिकाम्या मशीनवर केलेली चाचणी काही सांगत नाही. मी स्वतः दुसऱ्यांदा चाचणी केली तेव्हा नेमकं हेच विसरलो होतो. सगळं उत्तम झालं, आणि घरी जाताना लक्षात आलं की लोड निम्माही नव्हता. पुढच्या रविवारी परत केलं. महिनाअखेरचा मोठा रिपोर्ट चालवा, बॅकअप चालवा, शिखराजवळ न्या.

आता ए बाजूच्या एमसीबी बंद करा. वायरी खेचू नका. एमसीबी बंद केल्याने खरं सर्किट तपासलं जातं आणि ठिणगीही उडत नाही. पहिल्या दहा सेकंदांत सगळी ब्लेडं जागी आहेत का बघा. पहिल्या मिनिटात मेल आला का बघा. आणि मग थांबा, पूर्ण एक तास. दर दहा मिनिटांनी अँपियर आणि एमसीबीचं तापमान लिहा, तापमान हात न लावता, दुरून मोजणाऱ्या थर्मामीटरने. आम्हाला त्या संध्याकाळी बाविसाव्या मिनिटापर्यंत सगळं ठीक वाटत होतं.

ए परत चालू करा. तिन्ही सप्लाय निरोगी दिसेपर्यंत आणि यूपीएस स्थिर होईपर्यंत बीला हात लावू नका. मग तेच सगळं बी बाजूने. शेवटी दोन्ही यूपीएसची इनपुट लाइन बंद करून बॅटरीवर किती वेळ चालतं ते बघा, लोडसकट.

नवीन ब्लेड घातलं, सप्लाय बदलला, स्टोरेज वाढवलं, की वरचा हिशेब आणि ही चाचणी पुन्हा. ऑफिसच्या कोणी त्याच पीडीयूत एक टेबल फॅन लावला तरी हिशेब बदलतो, आणि उन्हाळ्यात कोणीतरी लावतंच.

आमच्या रॅकच्या दाराच्या आत एक कागद चिकटवलेला आहे. वर सहा सप्लायच्या सहा ओळी, वायरीचा पूर्ण माग. खाली कॅप, शिखर आणि दोन्ही बाजूंची मर्यादा, पेन्सिलने, कारण ती बदलते. त्याखाली चाचण्या: तारीख, कुठली बाजू बंद केली, किती वॅट होते, किती अँपियर, एमसीबीचं तापमान, कोण उभं होतं. शेवटच्या ओळीत बी बंद, ए वर ६,३५० वॅट, साठ मिनिटं, आणि शेजारी त्याच मुलाची सही आहे ज्याने तेव्हा ‘हिरवंच आहे’ म्हटलं होतं. आता तो हिरवं बघून झालं की क्लॅम्प मीटर मागतो.